लिहिलेलं कुठं पाठवायचं? नव्या मराठी लेखकासाठी वर्षभराचा वाटाड्या

माझी पहिली कविता मी पंधराशे रुपये भरून छापून घेतली. फोनवर मेसेज आला होता: ‘राज्यस्तरीय प्रातिनिधिक काव्यसंग्रह, निवडक कवींना संधी.’ दोन पानं, एक फोटो, एक प्रमाणपत्र. आपली निवड झाली या आनंदात मी तासाभरात पैसे पाठवले. चार महिन्यांनी पुस्तक आलं, तर तिसऱ्या कडव्यातली एक ओळ गायब होती आणि माझ्या नावावर फोटो शेजारच्या पानावरच्या बाईंचा होता. पुढं कळलं, की पैसे भरणारा प्रत्येक जण ‘निवडक’ होता. जेवढे कवी तेवढ्याच प्रती निघाल्या आणि ज्याची त्यानं आपापली घरी नेली. पुस्तकांच्या एकाही दुकानात तो संग्रह गेला नाही.

त्याच वर्षी आमच्या तालुक्याच्या वाचनालयातल्या फलकावर नवलेखकांच्या अनुदानाची सरकारी जाहिरात लावलेली होती. एक पैसा न घेता हस्तलिखित वाचणारी आणि पसंत पडलं तर पुस्तक काढायला मदत करणारी योजना. तो फलक मी रोज ओलांडून जात होते, एकदाही थांबून वाचला नाही.

मराठीत संधी पुष्कळ आहेत, पण त्यांच्या बातम्या एका जागी मिळत नाहीत. त्या कुठं असतात, कोणत्या महिन्यात निघतात आणि तोवर हाताशी काय तयार हवं, ते माझ्या अनुभवातून क्रमानं सांगते.

## १. सुरुवात वाचनालयातून

पाठवण्याआधी, जिथं पाठवायचं ते वाचा. तालुक्याच्या वाचनालयात दिवाळीनंतर काही महिने दिवाळी अंकांची चळत असते. सभासद होऊन एकेक अंक घरी आणा. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीतलं नवं लेखन बऱ्याच वेळा आधी दिवाळी अंकात येतं आणि मग पुस्तकात. नव्या माणसासाठी हे दार सगळ्यांत मोठं आहे.

अंक उघडलात की अनुक्रमणिकेच्या आसपासचं ते बारीक अक्षरातलं पान आधी शोधा. संपादक कोण, कार्यालयाचा पत्ता काय, ईमेल कोणता, हे सगळं तिथं छापलेलं असतं. वहीत उतरवून घ्या. मग कथा मोजा: किती आहेत, किती पानांच्या आहेत, अनोळखी नावं किती दिसतात. ज्या अंकात सगळी नावं ओळखीची असतात तिथं बहुतेक लेखन मागवून घेतलेलं असतं, तिथं पहिल्या वर्षी धडक मारण्यात अर्थ नाही. दोन-तीन नवी नावं दिसली, की तो अंक तुमचा.

दिवाळी अंकांपलीकडंही बघा. सानेगुरुजींनी १९४८ साली सुरू केलेलं ‘साधना’ साप्ताहिक, मुलांसाठी लिहीत असाल तर बालभारतीचं ‘किशोर’, बायकांच्या जगण्याबद्दल लिहीत असाल तर ‘मिळून साऱ्याजणी’. नव्या पुस्तकांच्या बातम्यांसाठी ‘ललित’ मासिक चाळत जा. कोणता प्रकाशक कोणत्या प्रकारची पुस्तकं काढतो, हे त्यातून कळतं आणि पुढं सातव्या पायरीवर त्याचा मोठा उपयोग होतो.

## २. मजकूर नीट टाइप करा

या पायरीवर नवे लेखक सर्वांत जास्त अडतात, म्हणून इथं जरा थांबते.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारखाच वाचता येईल अशा अक्षरपद्धतीत टाइप करा. जुन्या फाँटमधली फाइल समोरच्याकडं तो फाँट नसेल तर अगम्य चिन्हांची होते. मोबाइलवर टाइप केलंत तरी चालेल, पण शेवटी वर्डची फाइल करा. पीडीएफ एकटी पाठवू नका, कारण अंकाची जुळणी करणाऱ्याला तीतून मजकूर उचलताना अक्षरं तुटतात. कागदाचे फोटो तर नकोच.

आता ‘र’ची गोष्ट. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द घ्या. इथला ‘ऱ्य’ वेगळा आणि ‘आचार्य’मधला ‘र्य’ वेगळा. पहिल्यासाठी कळफलकावर नुक्ता असलेला ‘ऱ’ निवडावा लागतो. साधा ‘र’ घेऊन, दिसायला तसंच दिसणारं अक्षर जुळवलंत, तर तुमच्या पडद्यावर सगळं ठीक असतं. मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये गेला, की ‘किनार्यावर’ होऊन बसतं. माझ्या एका कथेत ‘दुसऱ्या’ हा शब्द एकोणीस वेळा होता आणि छापून आला तेव्हा एकोणीसही वेळा ‘दुसर्या’. मुद्रितशोधकाकडून सुटलं हे खरं, पण पेरलं होतं मीच. तेव्हापासून पाठवण्याआधी ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ आणि रफार एकदा शोधून बघते. पाच मिनिटांचं काम आहे.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम एकदा बसून वाचा. पात्रांच्या तोंडी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली, जी बोली असेल ती बेलाशक ठेवा, ती शुद्ध करायला जाऊ नका. निवेदन मात्र एका ठरलेल्या पद्धतीनं चालू द्या. एका पानावर ‘केलं’ आणि पुढच्या पानावर ‘केले’ असं झालं, की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

हाताशी एका फोल्डरमध्ये एवढं तयार ठेवा:

- लेखनाची वर्ड फाइल. नाव ‘शीर्षक-लेखकाचं नाव’ असं, ‘नवीन फाइल फायनल २’ असं नको.
- पाच ओळींचा परिचय. गाव, काम, काय लिहिता, आधी कुठं छापून आलं असेल तर ते.
- एक स्वच्छ फोटो. लग्नातल्या फोटोतून कापलेला नको.
- लेखन स्वतःचं, अप्रकाशित आणि स्वतंत्र असल्याचं सहीचं पत्र.
- पॅनकार्ड, आधार आणि बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत. ही मानधन किंवा अनुदान मंजूर झाल्यावरच द्यायची. मानधनाच्या पावतीवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळायला हवं. टोपणनावानं लिहिणाऱ्यांनी हे आधीच कळवावं.

## ३. कॅलेंडर ओळखा

दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, पण संपादकाची दिवाळी मे-जूनमध्येच सुरू होते. कथा जूनपर्यंत पोचली तर शांतपणे वाचली जाते. जुलैअखेर आली तर घाईत चाळली जाते. गणपतीत पाठवलेली बहुधा पुढच्या वर्षाच्या ढिगात जाते किंवा कुठंच जात नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहून पूर्ण करा आणि पहिल्या पावसाबरोबर पाठवा.

थंडीचे दिवस सरकारी योजनांचे आणि संमेलनांचे. नवलेखक अनुदान आणि राज्य वाङ्मय पुरस्कार यांच्या जाहिराती साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघतात. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन असतो. त्या आठवड्यात शाळा, महाविद्यालयं, वाचनालयं सगळीकडं कवी आणि कथाकथन करणारे हवे असतात. पण निमंत्रणाची वाट बघत बसू नका, जानेवारीतच वाचनालयाच्या कार्यवाहांना भेटून ‘मी वाचायला येऊ का’ असं विचारा. मला पहिल्यांदा माइक असाच मिळाला.

## ४. संपादकाला पत्र कसं लिहावं

आठ-दहा ओळी पुरेत. नमस्कार, लेखनाचा प्रकार, शीर्षक, शब्दसंख्या, अप्रकाशित असल्याचं एक वाक्य, संपर्क. ‘माझी कथा आपल्याला नक्कीच आवडेल’ हे लिहू नका, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. ‘सर’, ‘मॅडम’पेक्षा ‘मा. संपादक’ बरं. नाव माहीत असेल तर नाव लिहावं आणि ते बरोबर लिहावं.

एक कथा एका वेळी एकाच अंकाला. हा नियम मोडावासा वाटतो, कारण उत्तर लवकर येत नाही. पण एकच कथा दोन दिवाळी अंकांत आली, तर दोन्ही संपादक ते विसरत नाहीत. तीन महिने थांबा, मग एक नम्र स्मरणपत्र टाका. त्यालाही उत्तर नाही आलं, तर ‘कथा मागे घेत आहे’ असं कळवून दुसरीकडं पाठवा.

समाजमाध्यमावर टाकलेली कविता बरेच संपादक प्रकाशित धरतात. अंकाला द्यायची असेल ती आधी भिंतीवर टाकू नका.

नकाराबद्दल एक सांगायचंच आहे. माझी एक कथा आठ महिन्यांनी पोस्टानं परत आली. मी पाकिटासोबत तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं दुसरं पाकीट जोडलं होतं, म्हणून आली. चौथ्या पानावर पेन्सिलनं एक आडवी रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, ‘कथा इथं सुरू होते.’ आधीची तीन पानं मी काढून टाकली. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या अंकात छापून आली, सातशे रुपये मानधनही मिळालं. त्या संपादकांची आणि माझी कधीच भेट झाली नाही, पण ते पान मी अजून जपून ठेवलंय.

## ५. जवळच्या शाखेत जा

बातम्या माणसांकडून येतात आणि ती माणसं साहित्यसंस्थांच्या शाखांमधून भेटतात. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ची, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ १९२३चा, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५चा, मराठवाडा साहित्य परिषद १९४३ची. कोकणासाठी १९९१पासून कोकण मराठी साहित्य परिषद आहे, तिला सगळे ‘कोमसाप’ म्हणतात. यांतल्या बहुतेकांच्या जिल्ह्या-तालुक्यांत शाखा आहेत. गोव्यात गोमंतक मराठी अकादमी आहे. बडोदा, हैदराबाद, भोपाळ इथल्या मराठी माणसांच्याही स्वतःच्या जुन्या साहित्यसंस्था आहेत. अमेरिकेत असाल तर बृहन्महाराष्ट्र मंडळाचं मासिक वृत्त बघत जा.

सभासद व्हायची घाई नको. आधी दोन-तीन कार्यक्रमांना नुसतं जाऊन बसा. शाखा जिवंत आहे की नाही, ते लगेच कळतं. जिथं तेच पाच जण एकमेकांना शाली घालतात तिथून निघा. जिथं कार्यक्रमानंतर चहाच्या कपासोबत ‘तुम्ही काय लिहिता’ असं कुणी विचारतं तिथं टिका. या संस्थांची नियतकालिकंही आहेत: पुण्याच्या परिषदेची ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, विदर्भात ‘युगवाणी’, मराठवाड्यात ‘प्रतिष्ठान’, कोकणात ‘झपूर्झा’. पुस्तक परीक्षणं लिहायची तयारी असेल तर नव्या लेखकाला इथं जागा मिळू शकते. परीक्षण लिहिणारे कमी आणि कवी फार, हे ध्यानात ठेवा.

शाखेतल्या ज्येष्ठांशी ‘दादा’, ‘ताई’, ‘सर’ म्हणून आदरानं बोला, पण कविता मात्र वाचून दाखवा आणि नेमकं विचारा, ‘कुठं अडखळलात?’ ‘कशी वाटली?’ असं विचारलं, की सगळे ‘छान’ म्हणतात.

## ६. संमेलनं: मोठ्या मंडपाच्या बाहेरही बघा

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची परंपरा १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावं संमेलन दिल्लीत झालं, ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या. अशा संमेलनात नव्या कवीसाठी ‘कविकट्टा’ असतो. त्यासाठी कविता आधी मागवतात, तारीख आयोजक जाहीर करतात आणि ती फार लवकर उलटून जाते. स्थळ जाहीर झालं, की त्याच आठवड्यात आयोजक संस्थेकडं चौकशी करा. वाचायला दोन-तीन मिनिटंच मिळतात, तेव्हा घड्याळ लावून सराव केलेली एकच कविता न्या.

माझं मत विचाराल, तर पहिल्यांदा छोट्या संमेलनाला जा. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, अण्णा भाऊ साठे उद्घाटक होते. १९९९ साली धारावीत विद्रोही संमेलन सुरू झालं. आदिवासी, ग्रामीण, मुस्लिम मराठी, झाडीबोली, अहिराणी अशी कितीतरी संमेलनं भरतात. तिथं तुमची भाषा समजावून सांगावी लागत नाही. शिवाय दर जिल्ह्यात सरकारी ग्रंथोत्सव होतो. तो ग्रंथालय विभाग भरवतो, त्याची माहिती जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडं मिळते, आणि त्यात स्थानिक लेखकांसाठी बहुधा एखादं सत्र असतं.

## ७. पहिलं पुस्तक: इथं घाई करू नका

राज्य पुरस्कारांत ‘प्रथम प्रकाशन’ असा वेगळा विभाग असतो. कवितेला बहिणाबाई चौधरींच्या नावाचा, कथेला ग. ल. ठोकळांच्या नावाचा. त्या विभागात माणूस एकदाच बसू शकतो. नवलेखक अनुदानही पहिल्या पुस्तकासाठीच. स्वखर्चानं घाईघाईत चाळीस पानांचं पुस्तक काढलंत, की ही दोन्ही दारं आपल्याच हातानं बंद होतात. एका मैत्रिणीचं हेच झालं. तिचं दुसरं पुस्तक म्हणजे एक फार चांगली कादंबरी होती, पण पहिलेपणाचा मान आधीच एका पातळ चारोळीसंग्रहावर गेला होता.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी दहा-बारा कविता किंवा चार-पाच कथा अंकांतून छापून येऊ द्या. मग हस्तलिखित जुळवा. मग महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची जाहिरात बघा. मंडळाचं कार्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालवाङ्मय, ललित-वैचारिक असे प्रकार असतात. पानांची मर्यादा आणि प्रतींची संख्या त्या वर्षीच्या जाहिरातीत जशी असेल तंतोतंत तशीच पाळा. हस्तलिखिताची एक प्रत घरी ठेवल्याशिवाय कुठंच पाठवू नका. पूर्वी आपण ‘रजिस्टर करा’ म्हणायचो. १ सप्टेंबर २०२५ पासून ती सेवा स्पीड पोस्टमध्ये मिसळली आहे. तेव्हा स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा.

वय तिशीच्या आत असेल तर राष्ट्रीय पुस्तक न्यासाची ‘पीएम-युवा’ योजना निघते आहे का, त्यावर लक्ष ठेवा. निवड झालेल्याला सहा महिने दरमहा पन्नास हजार रुपये शिष्यवृत्ती आणि मार्गदर्शक मिळतो. मराठीतूनही अर्ज करता येतो.

प्रकाशकाशी बोलणी झाली, तर करार लेखी करा आणि सही करण्याआधी एक रात्र घरी ठेवून वाचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं हक्क तुमच्याकडं लिहिल्याक्षणी येतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखीच व्हावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. पण ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं एक वाक्य करारात असलं, की हे संरक्षण उरत नाही. ते वाक्य शोधा आणि बदलून मागा. अनुवाद, ऑडिओ आणि चित्रपटाचे हक्क वेगळे काढून आपल्याकडं ठेवा. ऑडिओ पुस्तकांमुळं हा मुद्दा आता किरकोळ राहिलेला नाही.

स्वतः पुस्तक काढायचंच ठरवलंत, तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, भारत सरकारच्या राजा राममोहन राय एजन्सीकडून ऑनलाइन, फुकट मिळतो. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारे मध्यस्थ आहेत, त्यांना देऊ नका.

## ८. पुरस्कार: खरे कुठले, विकतचे कुठले

राज्य वाङ्मय पुरस्कारांसाठी कॅलेंडर वर्ष धरतात, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. श्रेयपानावर ‘पहिली आवृत्ती’च्या पुढं छापलेली तारीख महत्त्वाची. डिसेंबरात छापून ‘जानेवारी’ घातलंत तर पुस्तक पुढच्या वर्षात जातं, तेव्हा प्रकाशकाशी हे आधीच बोला. मुंबईबाहेरच्या लेखकांच्या प्रवेशिका जिल्हाधिकारी कार्यालयात स्वीकारतात. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११पासून दिला जातो. वयाची मर्यादा पस्तीस, रक्कम पन्नास हजार. अकादमीचं मुंबईतलं कार्यालय दादर पूर्वेला आहे.

विकतचा पुरस्कार ओळखायला सोपा असतो. प्रवेशशुल्क किंवा ‘स्मृतिचिन्हाचा खर्च’ मागतात. परीक्षकांची नावं सांगत नाहीत. एकाच दिवशी साठ-सत्तर ‘साहित्यरत्नं’ जाहीर होतात. आणि निवड कळवणारा माणूस तुमच्या पुस्तकातल्या एकाही ओळीबद्दल बोलत नाही. वाचनालयं आणि कुटुंबांनी चालवलेले काही चांगले पुरस्कार पुस्तकाच्या दोन-तीन प्रती मागतात, ते रास्त आहे. पुस्तक मागणं वेगळं, पैसे मागणं वेगळं.

## ९. नोंदवही ठेवा

दोनशे पानी वही घ्या आणि सहा रकाने आखा: काय पाठवलं, कुठं, कोणत्या तारखेला, स्मरणपत्र कधी, उत्तर काय, मानधन मिळालं का. मानधन राहिलं असेल तर अंक निघाल्यावर दोन महिन्यांनी सरळ विचारा, त्यात संकोच कसला. वहीच्या शेवटच्या पानांवर पत्ते लिहा आणि दर दिवाळीत ते ताज्या अंकावरून तपासून घ्या, कारण अंक बंद पडतात, संपादक बदलतात.

यंदा माझ्या वहीत अकरा ओळी आहेत. चार नकार, तीन होकार, दोघांचं काहीच उत्तर नाही, आणि दोन कथा अजून वाटेवर आहेत. त्यांतल्या एकीचं स्मरणपत्र या सोमवारी टाकायचंय.